चालू स्थितीतली रायफल

अल् खुवैर, मस्कत
१८ एप्रिल २०१४

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

पोचल्याचं पत्र लिहायला उशीर झाला. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि शेजारच्या रविकांतने मध्ये उभं राहून माझी वाक्यं तुझ्या कानात ओरडायची हे नको वाटतं. म्हणून लिहितोय.

माझं ठीक चाललंय. ऑफिसला जातो. दीप्ती शिकवायची त्या शाळेतून तिच्या कपाटातलं सामान आणून दिलं. गणिताची पुस्तकं, एक स्वेटर, जेवणाचा डबा. डबा धुतलेला होता. कोणी धुतला माहीत नाही. आणून देणाऱ्या बाईंनी ती स्टाफरूममध्ये कशी कोसळली ते पुन्हा सगळं सांगितलं. मी ऐकून घेतलं. माझ्याच बायकोचं, पण मला काही झालं नाही. नागपुरात तिच्या अस्थी सोडतानाही काही झालं नव्हतं, ते तू बघितलंस.

सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे. इक्बाल तुला आठवतो का? दापोलीकडचा, वादी कबीरला त्याचं गाड्यांचं वर्कशॉप आहे. त्याच्या मुलीला, अफशीनला, दीप्ती शिकवायची. तो शुक्रवारी सकाळी दारात आला आणि म्हणाला, "भाऊ, यल्ला, उठा. निझव्याला जाऊ. बकऱ्यांचा बाजार बघू." मी गेलो. नाही म्हणायलाही काही कारण नव्हतं.

बकऱ्यांच्या बाजाराला लागूनच बंदुकांचा बाजार भरतो. म्हणजे दुकानं नाहीत. म्हातारी माणसं खांद्याला रायफल लावून नुसती फिरत असतात. आपण हात केला की थांबतात, रायफल हातात देतात. सगळ्या जुन्या, लष्करातून बाहेर पडलेल्या. इंग्रजांच्या वेळच्या. एकाने माझ्या हातात थ्री-नॉट-थ्री दिली. तिच्या मानेवर मुकुट कोरला होता, आणि खाली ईशापूर, १९४२. आपल्या बंगालमधल्या कारखान्यातली! ती इथे कशी आली कोण जाणे.

मी ती बराच वेळ धरून उभा होतो. इक्बालने दोनदा हाक मारली म्हणे.

एक विकत घ्यावी असं वाटतंय.

तुझा,
प्रेमानंद


इंदोरा, नागपूर
६ मे २०१४

चि. प्रेमानंद,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुला काहीतरी घ्यावंसं वाटलं, एवढ्यानेच मी खूश झाले. बंदूक तर बंदूक! आपल्या सदरमधल्या पोलीस स्टेशनच्या शिपायांकडे असायची तीच ना थ्री-नॉट-थ्री? लहानपणी तू त्या शिपायाच्या मागे मागे फिरायचास, आणि बाबा म्हणायचे, याला पुस्तक द्या, नाही तर हा बंदूकच मागेल.

घे. हौस कर. भिंतीवर लाव, पाहुणे आले की दाखव. माणसाला काहीतरी छंद लागतो रे. मी निवृत्त झाले तेव्हा सहा महिने दुसऱ्यांच्या मुलांचं शुद्धलेखन तपासत बसले होते, आठवतंय ना?

जेवतोस काय? पोळ्या कोण करतं? दीप्तीच्या साड्या तशाच राहू दे. त्यांचं काय करायचं ते तिच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाला आलास की मिळून बघू. घाई करू नकोस.

तुझी,
ताई


अल् खुवैर
२० जून २०१४

प्रिय ताई,
जय भीम.

दर शुक्रवारी जातो आहे. इक्बाल सोबत येतो. एवढ्या उन्हात कशाला म्हणतो, पण येतो.

आता मला बरंच कळायला लागलंय. पेशावरकडे हाताने घडवलेल्या नकला पुष्कळ फिरतात. त्यांच्यावरही मुकुट असतो, पण इंग्रजी अक्षरं उलटी कोरलेली असतात, कारण कोरणाऱ्याला ती वाचता येत नव्हती. खऱ्या रायफलीवर बोल्टचा, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या दांड्याचा, आणि नळीच्या मुळाशी असलेला नंबर एकच असतो. हे दोन नंबर जुळले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी जुळत नाहीत. बोल्ट हरवला की दुसऱ्या रायफलीचा बसवतात. कुंदा, म्हणजे मागचा लाकडी भाग, अक्रोडाचा असतो, वास घेतला तर तेल आणि घाम दोन्ही येतो. मी कुंद्यावर बोट फिरवतो, खाचा मोजतो, नळीतून आकाश बघतो. त्या वेळात डोकं रिकामं असतं. बाकी वेळातही असतं, पण तेव्हा ते जाणवतं.

मत्राहच्या बाजारात एक दुकानदार शोभेच्या रायफली विकतो. गोळी उडवणारी आतली पिन काढलेली, नळीत शिसं ओतलेलं, पोलिसांचा कागद जोडलेला. परदेशी माणसाला तीच घेता येते असं तो म्हणाला. मी नाही घेतली. मला चालणारीच हवी आहे. बिघडवलेली वस्तू घेऊन काय करायचं?

अडचण अशी की निझव्यात सौदा जुळत आला की मोडतो. माणूस हो म्हणतो, हात मिळवतो, आणि दहा मिनिटांनी येऊन म्हणतो, "खलास, विकली." रायफल त्याच्याच खांद्याला असते.

ऑफिसमधले चंद्रहास सुट्टीवर नागपूरला येत आहेत. त्यांच्यासोबत एक पिशवी पाठवतो आहे. दीप्तीचे दागिने आणि बेसा रोडच्या प्लॉटचे कागद. तुझ्याकडेच असू देत. साड्या इथल्या कामवाल्या बाईंना देऊन टाकल्या. बाल्कनीतल्या कुंड्याही खालच्या वॉचमनला दिल्या. घर बरंच मोकळं झालं आहे.

काळजी करू नकोस. मी ठीक आहे.

प्रेमानंद


इंदोरा, नागपूर
४ जुलै २०१४

श्री. इक्बालभाई यांस,
नमस्कार.

मी वसुंधरा, प्रेमानंदची मोठी बहीण. आपली भेट नाही. तुमच्या वर्कशॉपचा पत्ता चंद्रहास यांच्याकडून घेतला. रमजानमध्ये तुम्हाला त्रास देते आहे, माफ करा.

प्रेमानंदचं पत्र आलं. त्यात तो बंदुकीबद्दल लिहितो, आणि मग खाली दोन ओळींत लिहितो की बायकोचे दागिने पाठवले, कागद पाठवले, झाडं देऊन टाकली. काल पिशवी माझ्या हातात आली. दागिन्यांच्या डबीत त्याने स्वतःची अंगठीही ठेवली आहे. पत्रात तिचा उल्लेख नाही.

मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. मूल काय लिहीत नाही ते वाचायची मला सवय आहे. पण हा माझा भाऊ आहे आणि मला माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्याला मूलबाळ नाही, तिथे नात्याचं कोणी नाही. म्हणून तुम्हाला विचारते. त्याला ती बंदूक कशाला हवी आहे?

मी असं विचारलं हे त्याला कळू देऊ नका.

वसुंधरा


वादी कबीर, मस्कत
२१ जुलै २०१४

माननीय वसुंधराताई यांना इक्बालचा सलाम.

ताई, मी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला माणूस, अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

तुम्ही बरोबर वाचलंत. भाऊंना निझव्याला पहिल्यांदा मीच घेऊन गेलो. मला वाटलं, बाजार आहे, गर्दी आहे, माणूस जरा हलेल. बंदुकीचं माझ्या डोक्यातपण नव्हतं. तिथे ते तिला धरून जे उभे राहिले, ते बघून मी दोनदा हाक मारली, त्यांना ऐकूपण गेली नाय.

आता खरं सांगतो. ते जे सौदे मोडतात ना, ते मी मोडतो. भाऊ बाजूला उभे राहून नळी तपासत असतात तेवढ्यात मी त्या म्हाताऱ्याला अरबीत सांगतो, बाबा, ह्या माणसाची बायको वारली, डोकं ठिकाणावर नाय, अल्लाच्या वास्ते ह्याला देऊ नको. इथली माणसं चांगली आहेत. एकानेही हुज्जत घातली नाही. एक तर बोलला, "त्याला माझ्या घरी जेवायला आण." दुसऱ्याने खजुराची पिशवी दिली. भाऊ बोलले, "रायफल देत नाही आणि खजूर कसले देतो?"

चालणारी बंदूक परदेशी माणसाला परवान्याशिवाय विकणं गुन्हा आहे, हे पण खरं. पण बाजार तो बाजार. आज नाय, उद्या कोणीतरी देईल. म्हणून मी एक शुक्रवार सोडत नाय. माझी बायको रईसा बोलते, रोजे धरून दीडशे किलोमीटर कुठे जाता? मी बोललो, दीप्ती मॅडमनी आपल्या अफशीनकडून कधी शिकवणीचे पैसे घेतले का? मग गाडीची चावी आणून दिली.

आम्ही त्यांना रोज इफ्तारला बोलावतो. येतात. जेवतात. काय खाल्लं विचारलं तर सांगता येत नाय.

एक अडचण आहे. सप्टेंबरमध्ये माझ्या पुतण्याचं लग्न आहे, दापोलीला जावंच लागेल. ते शुक्रवार माझ्या हातात नाहीत. तुम्ही काहीतरी करा.

तुमचा भाऊ समजा,
इक्बाल


इंदोरा, नागपूर
५ ऑगस्ट २०१४

चि. प्रेमानंद,
आशीर्वाद.

पिशवी मिळाली. सगळं व्यवस्थित आहे.

मी तीन पत्रं लिहिली आणि फाडली. त्यांत पावसाचं होतं, शेजारणीचं होतं, विहाराच्या नव्या छपराचं होतं. आता सरळ विचारते, कारण तुझ्याशी आडून बोलायची मला सवय नाही. ती रायफल तुला स्वतःसाठी हवी आहे का? तुला जगायचं नाही असं आहे का?

काहीही उत्तर असलं तरी लिही. मी रागावणार नाही. रडले तर इथे रडेन, तुला दिसणार नाही. पण खोटं लिहू नकोस.

ताई


अल् खुवैर
७ सप्टेंबर २०१४

प्रिय ताई,
जय भीम.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. टेबलावर होतं. रोज वाचत होतो.

खोटं लिहिणार नाही. मला मरायचं आहे असं नाही. जगायचं आहे असंही नाही. मला काही हवंसंच वाटत नाही, ताई. भूक लागत नाही, वेळ झाली म्हणून खातो. गाडी चालवताना कधी कधी लक्षात येतं की सिग्नल कधी गेला ते कळलंच नाही. चहाने जीभ भाजली तर फोड आल्यावर कळतं. एवढ्या सगळ्यात ती रायफल हातात घेतली तेव्हा एक गोष्ट कळली की ही काहीतरी करू शकते. पुढचं मी विचारत नाही. ते दार मी उघडं ठेवलं आहे, आत गेलेलो नाही. शोभेची का नको, ते आता तुला कळलं असेल.

इक्बाल विक्रेत्यांना काय सांगतो ते मला माहीत आहे. एकोणीस वर्षं साइटवर अरबी ऐकतो आहे, तेवढी कळते. पहिल्याच वेळी कळलं होतं. मी नळीतून बघत राहिलो आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबलो. पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेलो. का, ते मलाही सांगता येत नाही. बहुतेक कोणीतरी नाही म्हणतंय ते ऐकायला जात होतो.

परवा तो नव्हता, दापोलीला गेलाय. मी एकटा गेलो. बाजारात हमूद नावाचे एक म्हातारे भेटले, बहलाच्या पलीकडच्या खेड्यातले. त्यांच्याकडे ईशापूरची रायफल आहे, १९४४ची. दोन्ही नंबर जुळतात. कुंद्याला चांदीची पट्टी आहे, ती त्यांच्या वडिलांनी बसवली. मुलं मस्कतला नोकरीला, कोणाला ती नको आहे. "मी गेलो की ती कोठारात गंजेल," म्हणाले. मला कोणी काही सांगायला नव्हतं. त्यांनी हो म्हटलं. मीही हो म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी आणायला जायचं आहे. चालू स्थितीत आहे.

हे तुला कळवायचं नव्हतं. पण तू खोटं लिहू नकोस म्हणालीस.

हे पत्र चंद्रहास उद्याच्या विमानाने आणतील.

प्रेमानंद


ई-मेल
९ सप्टेंबर २०१४

प्रेमानंद,

रविकांतच्या कॉम्प्युटरवरून लिहिते आहे. तो टाइप करतो आहे, तो वाचतो आहे, मला त्याची पर्वा नाही.

तुझी रायफल मला बघायची आहे. तू एवढे महिने शोधलीस, नंबर जुळवलेस, ती घरी आणताना मी तिथे हवी. त्या हमूदबाबांना सांग, माझी मोठी बहीण भारतातून येते आहे, तिच्या समोरच घेईन. जुनी माणसं एवढं मानतात.

माझ्या व्हिसाचे कागद आजच भर. पासपोर्ट बँकॉकच्या धम्मसहलीसाठी काढला होता, तो आहे. मला विमानतळावर काही ऐकू येणार नाही, तेव्हा दारातच उभा राहा.

मी येईपर्यंत निझव्याला जायचं नाही. शपथ घालत नाही. सांगते आहे. इक्बालभाईंचा दापोलीचा फोन नंबर रविकांतने शोधून काढलाय, तो त्यांना आत्ताच फोन लावतो आहे. आणि आज रात्री तू एकटा झोपू नकोस, रईसाबाईंकडे जा. त्यांना काय सांगायचं ते इक्बालभाई सांगतील.

उत्तर एका ओळीत पाठव. लगेच.

ताई


ई-मेल
९ सप्टेंबर २०१४

थांबतो. वादी कबीरला निघालो.


अल् खुवैर
२ डिसेंबर २०१४

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

तू सुखरूप पोचलीस, रविकांतचा मेसेज आला. विमानात तुझ्या शेजारच्या मुलीला तू प्रवासभर व्याकरण शिकवलंस म्हणे.

तू इथे असताना आपण हमूदबाबांकडे गेलो, त्या शुक्रवारबद्दल आपण काही बोललो नाही. तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आता लिहितो.

इक्बाल दापोलीहून परतला होता, तो गाडी चालवत होता आणि तू मागच्या सीटवर. हमूदबाबांच्या घरी पोचलो तेव्हा त्यांनी तुला आधी आत नेलं, बायकांच्या खोलीत, आणि तू तिथे तासभर बसलीस. तुला त्यांची भाषा येत नाही आणि ऐकूही येत नाही. तरी बाहेर येताना तुझ्या हातावर मेंदी होती. ते बघून हमूदबाबा पहिल्यांदा हसले.

वाटेत इक्बालने मला सांगितलं होतं की पोलिसांच्या माणसाशी तो बोलून आला आहे. रायफल घ्यायची तर पिन काढूनच, शिसं ओतूनच, कागद करूनच. आज पैसे द्यायचे, रायफल आठवड्याने मिळायची. हमूदबाबांना ते कळल्यावर त्यांनी कुंद्यावरची चांदीची पट्टी अंगठ्याने पुसली. मग म्हणाले, "मग ती मुकी होण्याआधी एकदा तिला बोलू दे. माझ्या वडिलांची आहे."

आपण सगळे घरामागच्या वादीत, नदीच्या पात्रात, गेलो. कोरडी वादी, गोल गोटे, पलीकडे डोंगर. त्यांनी एक गोळी भरली. तू माझ्या डाव्या बाजूला होतीस. ते आधी मला म्हणाले, "तू उडव." मी हात पुढे केला. रायफल माझ्या हातात आली. बोल्ट बंद झाला. मी इक्बालकडे बघितलं, तो काहीतरी म्हणेल म्हणून. तो जमिनीकडे बघत होता. तुझा चेहरा मी बघितला नाही.

मी ती परत दिली. का, ते खरंच सांगता येत नाही. विचार करून दिली नाही. हात परत गेला. म्हटलं, "बाबा, तुमच्या वडिलांची आहे, तुम्हीच."

त्यांनी डोंगराकडे नेम धरला आणि उडवली.

ताई, मी दचकलो. अख्खा दचकलो. तोंडातून आवाज आला, कसला ते माहीत नाही. छाती धडधडत होती, ती मला ऐकू येत होती. मला भीती वाटली. फेब्रुवारीपासून मला कशाचीही भीती वाटली नव्हती. डोंगरावरून आवाज परत आला तेव्हा पुन्हा वाटली.

मग मी गोट्यांवर बसलो. तू खाली बसलीस. पुढचं तुला माहीत आहे.

रायफल घेतली नाही. हमूदबाबांना पैसे दिले तेही त्यांनी परत केले. परवा त्यांचा फोन आला होता, त्यांचा एक नातू आला आहे आणि त्याला ती हवी आहे. बरं झालं.

तू जिथे नेलंस त्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी विचारलं, फरक वाटतो का? मी म्हटलं, झोप लागते. बाकी अजून तसंच आहे. सगळं लांबून आल्यासारखं. पण परवा ऑफिसात कोणीतरी दीप्तीच्या नावाच्या दुसऱ्याच बाईला हाक मारली, आणि मी जिना उतरून गाडीत जाऊन बसलो. अर्धा तास. त्या अर्ध्या तासाबद्दल आत्ता लिहिता येत नाही.

अंगठी परत पाठव. रजिस्टर्ड नको, कोणी येणारं असेल त्याच्याजवळ दे.

तुझा,
प्रेमानंद


इंदोरा, नागपूर
१५ डिसेंबर २०१४

चि. प्रेमानंद,
अनेक आशीर्वाद.

अंगठी चंद्रहास यांच्या भावाजवळ दिली आहे. तो पंचवीस तारखेला निघतोय. आता काढू नकोस.

तुझं पत्र वाचलं. तुझ्या हातात बंदूक होती तेव्हा मी काय केलं ते तू लिहिलं नाहीस, कारण तू बघितलं नाहीस. मी काहीच केलं नाही. उभी होते. इक्बालभाईंनी मला वादीत उतरतानाच खुणेने सांगितलं होतं, की तुम्ही मध्ये पडू नका, भाऊंनाच परत देऊ द्या. मी मान डोलावली होती. आयुष्यात एवढं कठीण काम मी केलेलं नाही, आणि पुन्हा करणार नाही. पुढच्या वेळी असा प्रसंग आला तर मी मध्ये पडेन, ढकलून देईन, चावेन. ते लक्षात ठेव आणि आणू नकोस.

आवाज मला ऐकू आला नाही. धूर दिसला फक्त. मग तू माझं मनगट धरलंस. तुला आठवतं की नाही कोण जाणे, पत्रात नाही. एवढ्या जोराने धरलंस की बांगडी पिचली आणि काच आत गेली. तू खाली बसलास तरी सोडलं नाहीस. गाडीत सोडलं नाहीस. इक्बालभाई बहलाला पेट्रोल भरायला थांबले, तेव्हाही नाही.

आधी निळं झालं होतं, मग पिवळं पडलं, काच गेली तिथली खूण अजून आहे. विहारात बायका विचारतात, काय झालं वसुंधराबाई, पडलात काय?

मी सांगते, भावाने हात धरला होता.

तुझी,
ताई